आल्प्समधली पहिली माउंटन बाइक सुट्टी: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

आल्प्समधल्या बाइक पार्कात, म्हणजे दोरावरच्या लिफ्टने सायकल डोंगरावर नेऊन बांधलेल्या वाटांनी उतरायच्या जागी, पहिल्यांदा जाणारे बरेच जण आधी विमानाचं तिकीट काढतात, मग परवडणारी खोली शोधतात. त्या आठवड्यात लिफ्ट चालू आहेत का, आपल्याला झेपतील असे उतार तिथे किती, विम्यात हा प्रकार बसतो का, हे प्रश्न निघायच्या चार दिवस आधी पडतात. तोवर पैसे अडकलेले असतात. मग चुकीच्या गावात, चुकीच्या आठवड्यात, मापाची नसलेली सायकल घेऊन डोंगरावर उभं राहायची वेळ येते.

हा लेख लिफ्टने सायकल वर नेऊन उतारावरून खाली यायच्या पाच-सहा दिवसांच्या सुट्टीबद्दल आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या, कारण प्रत्येक टप्प्याचा निर्णय आधीच्या टप्प्यावर अवलंबून आहे. सगळं मिळून चार ते सहा महिने हाताशी ठेवा.

१. आधी स्वतःची पातळी तपासा

रोज ४० किलोमीटर सायकल चालवणाऱ्यालाही बाइक पार्कातला पहिला उतार जड जाऊ शकतो. तिथे पायांपेक्षा पंजे, कोपरापुढचे हात आणि कंबर आधी थकतात. साधा हिशोब करा. एका फेरीत ५०० मीटरची उंची उतरलात आणि दिवसात आठ फेऱ्या केल्या, तर ४,००० मीटर उतार झाला. बहुतेकांनी आयुष्यात सलग १०० मीटरही कच्च्या उतारावर काढलेले नसतात.

पुढच्या गोष्टी विचार न करता जमतात का, ते घराजवळच्या कोणत्याही कच्च्या उतारावर पाहा:

– दोन्ही पेडल समपातळीत ठेवून, सीटवर न बसता, सलग दहा मिनिटं उतरणं.
– प्रत्येक ब्रेकवर एकच बोट ठेवून थांबणं, मागचं चाक न घसरवता.
– नजर पुढच्या चाकावर न ठेवता वळणाच्या शेवटाकडे ठेवणं.
– वीतभर उंचीच्या पायरीवरून दोन्ही चाकं नीट खाली आणणं.

चारपैकी दोन जमत नसतील तर सुट्टी रद्द करायची गरज नाही, पण जागा आणि आठवडा निवडताना ते लक्षात धरा. आठ-दहा आठवडे मिळाले तर आठवड्यातून दोनदा लटकण्याचा आणि पकड वाढवण्याचा व्यायाम करा, कंबरेतून वाकून वजन उचलायची सवय करा आणि उतारावर उभ्याने सायकल चालवा. पळण्याने दम वाढेल, पण हातात गोळे येणं थांबणार नाही. पहिल्या सुट्टीत लोकांना सगळ्यात आधी थांबवतात ते हात.

तपासा: दहा मिनिटांच्या उतारानंतर हाताची बोटं सहज उघडतात का? उघडत नसतील तर तुम्ही हँडल गरजेपेक्षा घट्ट धरता आहात. ही सवय घरीच सोडवा.

२. जागा निवडा: हिरव्या आणि निळ्या रेषा मोजा

ट्रेलला, म्हणजे उतरायच्या वाटांना, स्कीसारखेच सोपं-अवघड सांगणारे रंग असतात. फ्रान्समध्ये हिरवा सगळ्यात सोपा, मग निळा, लाल, काळा. ऑस्ट्रियात बहुतेक ठिकाणी निळ्यापासून सुरुवात होते. रंग त्या त्या जागेपुरता असतो. एका पार्कातला निळा म्हणजे यंत्राने गुळगुळीत केलेली, बाहेरून उचललेल्या वळणांची वाट असते, दुसऱ्या पार्कात तोच रंग मुळं आणि दगड असलेल्या जंगलवाटेला असतो. म्हणून रंगासोबत वाटेचा प्रकारही वाचा. ‘फ्लो’ म्हणजे बांधलेली, सलग, अंदाज येणारी वाट. पहिल्या सुट्टीला अशा वाटा जास्त हव्यात.

नकाशा उघडा आणि एवढंच मोजा: एकाच लिफ्टवरून उतरणारे किमान दोन सोपे ट्रेल आहेत का? सोपा ट्रेल शिखरापासून पायथ्यापर्यंत सोपाच राहतो, की मध्येच लाल वाटेत मिसळतो? हा दुसरा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि अर्ध्या डोंगरात अडकतात.

शर्यतींच्या नावावर जागा निवडू नका. ऑस्ट्रियातल्या लेओगांगमध्ये २०१२ आणि २०२० ला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, फ्रान्समधल्या ले जे गावात २००४ आणि २०२२ ला. दोन्ही ठिकाणी नवख्यांसाठीही चांगल्या वाटा आहेत, पण त्या शर्यतीच्या वाटेपेक्षा वेगळ्या आहेत. २०११ ची स्पर्धा झालेलं स्वित्झर्लंडमधलं शाँपेरी मात्र तीव्र उतारासाठीच ओळखलं जातं. पहिल्या सुट्टीला ते टाळा.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने या चारांतून निवडावं: फ्रान्समधलं ले जे, ऑस्ट्रियातलं साल्बाख किंवा सेर्फाउस-फिस-लाडिस, इटलीतलं लिविन्यो. लिविन्यो गावच १,८०० मीटरच्या वर असल्याने तिथे पहिल्या दिवशी दम लागतो, तेवढं धरून चला.

इशारा: पोर्त द्यु सोलेय हा भाग फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये पसरला आहे. फ्रान्समधल्या मोर्झिन किंवा ले जेहून निघून लिफ्टने सीमा ओलांडता येते. पलीकडे स्विस फ्रँक चालतात, पासपोर्ट जवळ लागतो, आणि परतीची शेवटची लिफ्ट चुकली तर रस्त्याने डोंगराला मोठा वळसा पडतो. पहिले तीन दिवस एकाच खोऱ्यात राहा.

३. आठवडा ठरवा

सगळ्यात जास्त पैसे या टप्प्यावर वाया जातात. पोर्त द्यु सोलेयचा हंगाम साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असतो. लेओगांग कमी उंचीवर असल्याने मे महिन्यापासून शरदापर्यंत चालतं. हंगामाच्या दोन्ही टोकांना काही लिफ्ट फक्त शनिवार-रविवारी फिरतात, आणि खोऱ्यांना जोडणारी लिफ्ट सर्वात उशिरा सुरू होऊन सर्वात आधी बंद होते. जूनमध्ये २,००० मीटरच्या वरच्या वाटांवर बर्फ असू शकतो. पार्क उघडलं आहे एवढं वाचून थांबू नका. प्रत्येक लिफ्टचं तारीखवार वेळापत्रक उघडून आपल्या तारखांवर बोट ठेवा.

जुलै-ऑगस्टमध्ये सगळं चालू असतं, गर्दीही असते, आणि दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो. विजा सुरू झाल्या की लिफ्ट थांबतात. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मला सर्वात योग्य वाटतो: वाटा कोरड्या, रांगा लहान, हवा थंड. दिवस थोडा लहान असतो, पण पहिल्या सुट्टीत तुम्ही तसेही दुपारी तीनला थकलेले असाल.

४. सायकल: भाड्याने घ्या

पहिल्यांदा जाताना स्वतःची सायकल नेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. सायकलचं विमानभाडं, पेटीत बांधणं, तिथे जोडणं, आणि उतारावर होणारी झीज हे सगळं धरलं तर भाड्याची सायकल महाग राहत नाही. शिवाय रोजच्या वापराच्या हलक्या सायकलचे ब्रेक आणि टायर या कामाचे नसतात. विजेच्या सायकलचा तर प्रश्नच नाही: १६० वॅट-अवरपेक्षा मोठी बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि अशा सायकलींच्या बॅटऱ्या त्याच्या कितीतरी पट असतात.

भाड्याने घेताना दोन प्रकार दिसतील. डाउनहिल सायकलला सुमारे २०० मिलिमीटर सस्पेन्शन असतं. ती खडबडीत उतारावर माफ करते, पण जड असते आणि सपाटीवर पेडल मारणं त्रासाचं होतं. एन्ड्युरो सायकलला १५० ते १७० मिलिमीटर सस्पेन्शन असतं. निळ्या वाटांना एन्ड्युरो पुरते, आणि वळण शिकायला तीच बरी.

दुकानाला लिहून विचारा: माझ्या उंचीला कोणतं माप? पुढे-मागे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आहेत ना? नुकसान भरपाईची सोय रोजच्या दरात आहे का, आणि नसेल तर अनामत किती? चांगल्या सायकलचं दिवसाचं भाडं लिफ्टच्या दिवसाच्या पासपेक्षा जास्त असतं, तेव्हा अंदाजपत्रकात सायकल आधी मांडा.

लिफ्ट पासबद्दल एक सावधगिरी. बऱ्याच गावांत हॉटेलकडून पाहुण्यांना उन्हाळी कार्ड मिळतं आणि लोक समजतात पास फुकट झाला. ते कार्ड अनेकदा फक्त पायी जाणाऱ्यांसाठी असतं, सायकलचा पास वेगळा लागतो. आधी विचारा.

५. विमा, व्हिसा, मग तिकीट

या तिघांचा क्रम बदलू नका.

शेंगेन व्हिसासाठी (इथल्या चारही देशांना चालणारा एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. तो काढला की काम झालं असं समजणं ही मोठी चूक आहे. व्हिसाला पुरेसा असलेला विमा बाइक पार्कातला अपघात सरळ वगळू शकतो. विमा कंपनीला ईमेलने पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तर लेखीच घ्या:

– लिफ्टने वर जाऊन माउंटन बाइकने उतरणं पॉलिसीत बसतं का, की ‘धोकादायक खेळ’ म्हणून वगळलं आहे?
– डोंगरातून शोध आणि हेलिकॉप्टरने सुटका धरली आहे का?
– उंचीची मर्यादा आहे का?
– माझ्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई मिळते का?

ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि इटलीत हेलिकॉप्टरचं बिल जखमी माणसाच्या नावावर येऊ शकतं, आणि ते हजारो युरोंचं असतं. फोनवरचं ‘हो, सगळं येतं’ धरून चालू नका.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. ज्या देशात जास्त रात्री राहणार, त्याच्याकडे अर्ज करायचा. विमान जिनिव्हाला उतरणार पण मुक्काम फ्रान्समध्ये असेल, तर अर्ज फ्रान्सकडे. ऐन उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात.

मग तिकीट. मोर्झिन आणि ले जेला जिनिव्हा विमानतळ जवळ, साल्बाख-लेओगांगला साल्झबुर्ग, सेर्फाउस-फिस-लाडिसला इन्सब्रुक. लेओगांगला रेल्वे स्टेशनही आहे. खोली घेताना लिफ्टपासूनचं अंतर, कुलूपबंद सायकल खोली, सायकल धुवायची जागा आणि ओले कपडे वाळवायची सोय, एवढं असलं की बाकी सगळं दुय्यम.

६. अंगावरचं सामान

पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, गुडघ्याचं आणि कोपराचं संरक्षण, पाठीचा संरक्षक, पूर्ण बोटांचे हातमोजे, डोळ्यांना गॉगल. हे सगळं तिथे भाड्याने मिळतं. हेल्मेट आणि गुडघ्याचं संरक्षण मात्र स्वतःचं विकत घ्या आणि घरी दोन तास घालून वावरा. हेल्मेटवर ईएन १०७८ हा युरोपीय मानकाचा शिक्का प्रत्येक सायकल हेल्मेटला असतो. डाउनहिलसाठीचं अधिक कडक मानक एएसटीएम एफ १९५२ आहे, ते शोधा. सपाट तळाचे, पेडलला चिकटणारे बूट घ्या. पायाला पेडल अडकवणारे बूट पहिल्या सुट्टीत नकोत.

पातळ पावसाळी जाकीट रोज पाठीवर हवं. दर १,००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे गावात २५ अंश असताना वर १५ आणि वारा असू शकतो. ऊन्हाची तीव्रताही उंचीबरोबर वाढते, तेव्हा मानेला आणि नाकाला सनस्क्रीन लावा.

७. पोचल्याची संध्याकाळ: सायकल हातात बसवा

हा तास वाचवू नका. सायकल सकाळी घ्यायची आणि दुकानदाराने दिली तशी लिफ्टमध्ये टाकायची, ही सर्वात सामान्य चूक आहे. आदल्या संध्याकाळी घ्या आणि या क्रमाने जा.

ब्रेक आधी. फ्रान्स, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये भाड्याच्या सायकलला पुढचा ब्रेक सहसा डाव्या हाताला असतो. तुमची सवय उजव्या हाताची असेल तर घाबरल्या क्षणी चुकीचा ब्रेक दाबला जाईल आणि तुम्ही हँडलवरून पुढे जाल. कोणता कुठला ते पाहा, आणि उलटा असेल तर दुकानात बदलून मागा. ते बदलून देतात. मग ब्रेकच्या दांड्या इतक्या जवळ घ्या की तर्जनी पोचते आणि मनगट सरळ राहतं. ब्रेकचे पॅड नवे असतील तर सपाट रस्त्यावर वेग घेऊन, चाक न अडकवता पंधरा-वीस वेळा ब्रेक लावा, म्हणजे पॅड आणि चकती एकमेकांत बसतात.

मग सस्पेन्शन. सगळं सामान अंगावर घालून पेडलवर उभं राहिलात की मागचं सस्पेन्शन सुमारे ३० टक्के आणि पुढचं सुमारे २० टक्के दबायला हवं. दुकानदाराला हे मोजायला लावा आणि सस्पेन्शनच्या नळीवरची रबरी कडी कुठे थांबली ते स्वतः पाहा.

शेवटी टायर. ७५ किलोच्या माणसाला ट्यूबलेस रुंद टायरमध्ये पुढे २२ ते २४ आणि मागे २५ ते २८ पीएसआय हवा ही चांगली सुरुवात. जड असाल तर थोडी जास्त.

तपासा: सीट पूर्ण खाली जाते का? दोन्ही चाकांचे आस घट्ट आहेत का? पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलल्यावर हँडलच्या मुळाशी खडखड येते का?

८. पहिला दिवस

शक्य असेल तर पहिला अर्धा दिवस शिक्षकाबरोबर काढा. फ्रान्समध्ये पैसे घेऊन शिकवणाऱ्याकडे सरकारी पदविका असावीच लागते. तीन तासांत वळणावर शरीर कुठे ठेवायचं हे कळलं की पुढचे पाच दिवस वेगळे जातात. सुट्टीत पैसे वाचवायचे असतील तर जेवणात वाचवा, शिक्षकात नको.

लिफ्टवर चढण्याआधी बाजूला उभं राहून चार जण सायकल कशी अडकवतात ते बघा. कुठे चाक आकड्यात टांगायचं असतं, कुठे डब्यात उभी करायची. कर्मचाऱ्याला ‘पहिल्यांदा आलो आहे’ सांगा. तो वेग कमी करेल किंवा मदत करेल.

पहिल्या फेरीत सगळ्यात सोपी वाट घ्या, आणि तीच तीन वेळा उतरा. पहिल्यांदा सावकाश, उडीच्या आणि पायरीच्या जागी थांबून बघत. दुसऱ्यांदा न थांबता. तिसऱ्यांदा थोडा वेग घेऊन. नवी वाट दिसली की पुन्हा याच क्रमाने. रोज नव्या वाटेचं आकर्षण मोठं असतं, पण वळण एकाच वाटेवर जमतं.

ब्रेकबद्दल एकच नियम: वळणाच्या आधी जोरात, वळणात मोकळे. उतारभर ब्रेक हलका दाबून धरलात तर चकत्या तापतात, पकड जाते आणि हातही भरून येतात. दांडी हँडलपर्यंत येऊ लागली तर थांबा. वाटेच्या बाजूला उभे राहा, पाच मिनिटं जाऊ द्या, चकतीला हात लावू नका.

थांबायचं तर वाटेच्या बाहेर आणि वरून येणाऱ्याला दिसेल अशा जागी. उडीच्या पलीकडच्या बाजूला कधीही थांबू नका.

इशारा: दोन्ही बाजूंच्या मातीच्या ढिगांमध्ये खड्डा असलेली उडी आणि वर सपाट असलेली उडी सुरुवातीला सारख्या दिसतात. वर सपाट असलेल्या उडीवर सायकल हळू नेली तरी चाक त्या सपाटीवर उतरतं. खड्डा असलेल्या उडीवर अर्धवट उडालात तर सरळ समोरच्या भिंतीवर आदळाल. खात्री नसेल तर सायकल हातात धरून बाजूने जा.

९. उरलेले दिवस

तिसऱ्या दिवशी विश्रांती घ्या किंवा अर्धाच दिवस जा. दुखणं दुसऱ्या दिवशी कळत नाही, तिसऱ्या दिवशी हात ऐकत नाहीत. लाल वाटेचा मोह इथेच होतो. निळ्या वाटेवर सलग न थांबता, ब्रेक कमीत कमी वापरून खाली येत असाल तरच लाल घ्या, आणि तीही सकाळी.

रोज सकाळी दोन मिनिटं: पॅडची जाडी, टायरमधली हवा, आसांचा घट्टपणा, स्पोक ढिले आहेत का. खडबडीत, ओल्या वाटांवर पॅड एका आठवड्यात संपू शकतात. भाड्याची सायकल असेल तर दुकानात बदलून मागा.

‘शेवटची एक फेरी’ घेऊ नका. थकलेलं शरीर, सावल्या लांबलेल्या, ब्रेकमुळे उखडलेली वाट, हे तिन्ही दिवसाच्या अखेरीस एकत्र येतं. फेरी घ्यायचीच असेल तर सर्वात सोपी घ्या.

पार्काबाहेर पडायची इच्छा झाली तर नियम देशानुसार बदलतात. ऑस्ट्रियात १९७५ च्या वनकायद्यानुसार जंगलात पायी फिरायला मोकळीक आहे, सायकलला मात्र खुणेने मोकळी केलेली वाटच चालते. फ्रेंच आल्प्समध्ये मेंढ्यांच्या कळपाजवळ पांढरे राखण कुत्रे असतात. कुत्रा भुंकत आला तर सायकलवरून उतरा, सायकल त्याच्या आणि तुमच्या मध्ये ठेवा, शांतपणे चालत कळपाला वळसा घाला. वेग वाढवून निसटायला जाऊ नका. गायींसाठी लावलेली फाटकं उघडलीत तर बंद करा.

१०. कोणी पडलं तर

आधी वरच्या बाजूला, वळणाच्या अलीकडे, एक सायकल वाटेत आडवी ठेवा किंवा माणूस उभा करा, म्हणजे मागून येणारा जखमीवर आदळणार नाही. मान किंवा पाठ दुखत असेल तर हलवू नका, हेल्मेटही काढू नका. ११२ हा क्रमांक फ्रान्स, इटली, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड सगळीकडे चालतो. ऑस्ट्रियात डोंगरातल्या सुटकेसाठी १४०, स्वित्झर्लंडमध्ये १४१४ वर रेगा या संस्थेची हवाई सुटका सेवा, शाँपेरी ज्यात येतं त्या व्हाले प्रांतात मात्र १४४. वाटेच्या कडेच्या फलकावर ट्रेलचं नाव आणि क्रमांक असतो, तो सांगा.

फोन लागत नसेल तर आल्प्सचा संकेत: मिनिटात सहा वेळा शिटी किंवा प्रकाश, एक मिनिट थांबणं, पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन वेळा येतं. शिटी बॅगच्या पट्ट्याला बांधलेली हवी, बॅगच्या तळाशी नको.

डोक्याला मार बसला असेल तर त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू नका, बरं वाटलं तरी. डॉक्टरकडे जा, आणि पावती, अहवाल, अपघाताच्या जागेचा फोटो हे सगळं जपून ठेवा. विम्याचा दावा त्यावरच चालतो. सायकल परत करताना दुकानदारासमोर फ्रेम, चाकं, ब्रेकच्या दांड्या एकत्र पाहा आणि अनामत मोकळी झाल्याची पावती हातात घेऊनच निघा.